‘सांतो विरुद्ध व्हँपायर स्त्रिया’: रुपेरी मुखवट्याआडचा मेक्सिको

आल्फोन्सो कोरोना ब्लेक दिग्दर्शित हा १९६२ सालचा कृष्णधवल मेक्सिकन चित्रपट मुखवटाधारी पैलवानांच्या चित्रपटांमधला सर्वांत देखणा आहे, असे माझे ठाम मत आहे. भयपट म्हणून तो आज कुणाला घाबरवणार नाही. मात्र त्या काळच्या मेक्सिकोला कशाचा आधार वाटत होता आणि कशाची धास्ती होती, हे तो फार स्पष्टपणे दाखवतो.

कथा साधी आहे. दोनशे वर्षांच्या निद्रेनंतर व्हँपायर स्त्रिया जाग्या होतात आणि त्यांच्या राणीची गादी चालवण्यासाठी प्राध्यापक ओर्लोफ यांच्या दियाना या मुलीला पळवून नेण्याचा घाट घालतात. प्राध्यापक जुने लिखाण वाचून संकट ओळखतात आणि पोलिसांना सावध करतात. पण खरी भिस्त असते ती रुपेरी मुखवटा घालणाऱ्या सांतो या पैलवानावर, आणि त्याला ते आपल्या अभ्यासिकेतल्या दूरचित्रवाणीसारख्या पडद्यावरून बोलावून घेतात. चित्रपटाचे राजकारण या प्रसंगातच सामावलेले आहे. विद्वान, पोलीस अधिकारी आणि पैलवान एका बाजूला उभे राहतात, शासनयंत्रणेवर कुणी शंका घेत नाही, आणि तरीही ती यंत्रणा एकट्याने काहीच निभावू शकत नाही. तेव्हा १९२९पासून एकच पक्ष अखंड सत्तेवर असलेल्या देशात हा नायक पोलिसांच्या उणिवा भरून काढतो, पण त्यांना जाब विचारत नाही.

सांतो म्हणजे रोदोल्फो गुस्मान उएर्ता. आखाड्यात त्याने कित्येक वर्षे नियम धाब्यावर बसवणाऱ्या ‘रूदो’ पैलवानाची भूमिका केली होती. पडद्यावर मात्र तो निष्कलंक आहे. या चित्रपटात त्याला घर नाही, कुटुंब नाही, चेहरा नाही. त्यामुळेच गल्लीतल्या कोणत्याही प्रेक्षकाला तो आपला वाटू शकतो. त्याची अद्भुत शक्ती म्हणावी, तर ती अंगमेहनतीने कमावलेले शरीर एवढीच. कुस्ती हा श्रमिकांचा खेळ असल्याचे भान चित्रपट कधीच सोडत नाही, आणि ही गोष्ट मला मनापासून आवडते.

कथा थांबवून दाखवलेल्या लांबलचक कुस्त्या काहींना कंटाळवाण्या वाटतील, पण त्यांनाही कारण आहे. १९५०च्या दशकात मेक्सिको शहराच्या प्रशासनाने दूरचित्रवाणीवरील कुस्ती बंद पाडली होती, आणि ज्यांना आखाडा गाठता येत नव्हता त्यांच्यासाठी चित्रपटगृह हाच आखाडा झाला होता. त्यातली एक लढत तर विसरता येत नाही: सांतो प्रतिस्पर्ध्याचा मुखवटा ओढून काढतो आणि खाली माणसाऐवजी लांडग्यासारखा केसाळ चेहरा निघतो. मुखवटा गमावणे ही या खेळातली सर्वांत मोठी नामुष्की असते, हे ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला तो क्षण दुहेरी हादरा देतो.

स्त्रियांच्या बाबतीत चित्रपट अधिक गुंतागुंतीचा आहे. मेक्सिकोतील स्त्रियांना १९५३ साली देशपातळीवरील मतदानाचा हक्क मिळाला. त्याच दशकात राजधानीच्या आखाड्यांत स्त्रियांच्या कुस्त्यांवर आलेली बंदी मात्र १९८६पर्यंत टिकली. या पार्श्वभूमीवर राज्य करणाऱ्या, पुरुषांना हुकूम सोडणाऱ्या स्त्रिया इथे सैतानाच्या दासी ठरतात, आणि वडील व वाग्दत्त वर यांच्या छायेत वावरणारी दियाना तेवढी वाचवण्यायोग्य ठरते. ही मूल्यदृष्टी मला मान्य नाही. पण कॅमेऱ्याचा ओढा उघडपणे दुसऱ्या बाजूला आहे. शवपेट्यांची झाकणे उघडतात, सुरकुतलेले चेहरे वर येतात आणि पांढऱ्या तलम वस्त्रांतल्या तरुणी होतात. सुरुवातीचा तो संथ प्रसंग आणि लोरेना वेलास्केस हिची करारी राणी यांच्यासमोर दियाना अगदीच फिकी पडते.

शेवटी व्हँपायरांचा पाडाव होतो तो मुख्यतः उगवत्या सूर्यामुळे, आणि उरलेले काम सांतो मशालीने करतो. सूर्य, क्रूस आणि बाहुबल यांची ही युती कॅथलिक लोकश्रद्धेला धरून आहे. पुढे १९८७मध्ये, भूकंपानंतर बेघर होणाऱ्या भाडेकरूंच्या बाजूने ‘सुपरबारियो’ नावाचा मुखवटाधारी मेक्सिको शहराच्या रस्त्यावर उतरला, तेव्हा त्याच मुखवट्याने सत्तेला जाब विचारला. चित्रपटातला सांतो तिथवर जात नाही.

पाहायचाच असेल, तर मूळ स्पॅनिश आवृत्ती उपशीर्षकांसह पाहावी. इंग्रजी आवृत्तीत सांतोचा ‘सॅमसन’ केला आहे, आणि या नायकाचे मेक्सिकोशी असलेले नाते तिथेच तुटते.