जावाचा डेटटाइमफॉरमॅटर, आठ महिने वापरून झाल्यावर

बिलिंगच्या कोडमधून तारखा वाचणारा नि छापणारा जुना सिंपलडेटफॉरमॅट काढून त्याच कामाचा डेटटाइमफॉरमॅटर टाकला त्याला आता आठ महिने झाले. हा तसा जावा ८ सोबत २०१४ मध्येच आलाय, जाग आम्हालाच उशिरा आली.

जुन्याचा एकच ऑब्जेक्ट कोणीतरी स्टॅटिक (सगळ्यांना मिळून एकच) करून ठेवला होता (कोणीतरी म्हणजे मीच), आणि तो थ्रेडसेफ नाही, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या अनेक कामांनी (थ्रेडनी) वापरला की गोंधळतो. एरवी सगळं गुण्यागोविंदाने चालायचं, महिनाअखेरीला बिलांचा लोंढा आला की एकाची तारीख दुसऱ्याच्या बिलावर, आणि माझ्या मशीनवर काही केल्या तो बग दिसेना. नवा इम्युटेबल (बनल्यावर न बदलणारा) आहे, एकदा बनवा नि कुठल्याही थ्रेडमधून बिनधास्त वापरा. याला पैकीच्या पैकी मार्क.

पण तो कडक असेल असं धरून चाललो तिथे फसलो. ३१/०२/२०२४ दिली की जुना गुपचूप २ मार्च करायचा. मला वाटलं नवा एक्सेप्शन फेकेल (चूक दाखवून थांबेल), तर हा पठ्ठ्या २९ फेब्रुवारी करून देतो! डिफॉल्ट मोडचं नाव काय, तर स्मार्ट. ३२ तारखेला ओरडतो, ३१ ला सांभाळून घेतो. मग रिझॉल्व्हरस्टाइल (तारीख किती कडक तपासायची ती सेटिंग) स्ट्रिक्ट केली तर चांगल्या तारखाही पार्स होईनात (वाचल्या जाईनात), अर्धा दिवस डोकं खाजवलं तेव्हा कळलं की तारखेच्या साच्यातला स्मॉल वाय (y) म्हणजे सनातलं वर्ष, स्ट्रिक्टमध्ये त्याला इसवी सन की इसवी सनपूर्व तेही सांगावं लागतं, म्हणून चार वायच्या जागी चार स्मॉल यू (uuuu) लिहायचे.

कॅपिटल वायचा घोळ नव्यातही तसाच. तो आठवड्याच्या हिशोबाचं वर्ष देतो, त्यामुळे ३१/१२/२०२४ छापायला गेलात की ३१/१२/२०२५. वर्षभर टेस्ट पास, डिसेंबरअखेरीस बोंब.

लोकेल (भाषा नि देशाची सेटिंग) नेहमी स्वतः द्या. जावा ११ वरून १७ वर गेलो तेव्हा यूके लोकेलमधला तीन अक्षरी सप्टेंबर (Sep) चार अक्षरी (Sept) झाला आणि जुन्या फाइली पार्स होईनात. मराठी लोकेल दिलं की महिन्याचं नाव मराठीत येतं पण आकडे इंग्रजीच राहतात, त्याला डेसिमलस्टाइल (आकडे कसे लिहायचे ती सेटिंग) वेगळी द्यावी लागते. पावतीवर ‘५ मार्च २०२५’ बघून मात्र बरं वाटलं.

रिपोर्टच्या तीन फाइलींत अजून जुनाच फॉरमॅटर आहे. त्यांना हात लावायची हिंमत होत नाही.