गुडघ्यातून "पू" काढून देणारे नाशकात फिरतायत, घरच्या वयस्कर लोकांना आजच सांगा

माझ्या वडिलांचं वय 71, दोन्ही गुडघ्यांना संधिवात, जिना चढताना कठड्याला धरून एकेक पायरी. डॉक्टरांनी रिप्लेसमेंट सांगून ठेवलंय पण ऑपरेशनचं नाव काढलं की बाबा विषय बदलतात, आणि त्या लोकांनी नेमका याच भीतीचा फायदा घेतला.

गोल्फ क्लबच्या जॉगिंग ट्रॅकवर एक जण त्यांच्या शेजारी येऊन बसला, चांगले कपडे, बोलणं एकदम अदबीचं. "काका गुडघे का? माझ्या आईचं पण सेम होतं, ऑपरेशनची तारीख घेतली होती, पण एका वैद्यांनी आतलं सगळं खराब पाणी काढलं, आता ती गडावर पायऱ्या चढून जाते." नंबर मात्र लगेच दिला नाही, आईला विचारून सांगतो म्हणाला, आणि तिथेच बाबांना तो माणूस खरा वाटला.

वैद्य घरी आला तो दुपारी. मी सातपूरला कंपनीत, बायको शाळेत, घरात फक्त आई-बाबा. आईने सगळं समोर बसून बघितलंय. गुडघ्याभोवती ब्लेडने बारीक चिरा मारल्या, वर पितळेची नळी ठेवून तोंडाने ओढायचं आणि वाटीतल्या हळदीच्या पाण्यात सोडायचं, की पिवळा घट्ट थेंब दिसायचा. "बघा काका, किती वर्षांचा पू साठलाय." रेट आधीच ठरलेला, एका थेंबाचे 4 हजार, बाबांना वाटलं चार-पाच निघतील. निघाले 46! सोबतचा पोरगा वहीत रेघा मारत होता. आई मध्येच थांबा म्हणाली तर म्हणे अर्धवट सोडलं तर पू वर चढेल आणि पाय कापावा लागेल. 1 लाख 84 हजार झाले, त्यात "सिनियर सिटिझन म्हणून" सूट देऊन 1 लाख 60 हजार, आणि स्वतःच्या गाडीत बसवून बाबांना बँकेत नेलं, एफडी मोडायला लावली, कॅश घेतली. जाताना कसल्यातरी पुड्या दिल्या. संध्याकाळी मी घरी आलो तोवर फोन बंद.

पुड्यांनी थोडे दिवस बरं वाटलं हे खरं, पण शुगर एकदम वाढली. डॉक्टर म्हणाले असल्या पुड्यांत बऱ्याचदा स्टेरॉईड मिसळलेलं असतं, दुखणं दबतं आणि डायबेटिस असलेल्या माणसाची शुगर चढते. वर त्या ब्लेडच्या चिरा, ब्लेड कुणाकुणाला वापरलेलं कोण जाणे, म्हणून हिपॅटायटिस आणि एचआयव्हीच्या टेस्ट पण कराव्या लागल्या.

बाबांचा एकच प्रश्न होता, मग ते पिवळं काय होतं? डॉक्टरांनी उभं राहून काढलेला एक्स-रे दाखवला, हाडांमधली गॅप जवळजवळ संपलेली. संधिवातात हाडांवरची कूर्चा, म्हणजे सांध्यातली मऊ गादी, झिजते, पू होत नाही. सांध्यात पाणी साठू शकतं पण ते निर्जंतुक सुईने काढतात आणि सुई थेट सांध्यात जाते, कातडीवरच्या चिरेतून तोंडाने ओढून सांध्यातलं काही बाहेर येत नाही. गुडघ्यात खरंच पू झाला तर गुडघा लाल होतो, गरम लागतो, बहुतेक वेळा ताप येतो, पाय टेकवत नाही, आणि ती इमर्जन्सी असते, तिथे लगेच हॉस्पिटल गाठायचं. ते पिवळं म्हणजे नळीत किंवा तोंडात आधीच ठेवलेलं काहीतरी, दुसरं काही नाही.

सगळ्यात जास्त जीव जळतो तो पैशांच्या हिशोबाने. 2017 च्या ऑगस्टमध्ये सरकारने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या, म्हणजे आत बसवायच्या कृत्रिम सांध्याच्या, किमती बांधून दिल्या, तेव्हा साध्या कोबाल्ट क्रोम धातूच्या पूर्ण सेटला 54,720 अधिक जीएसटी असा दर ठरला होता. ऑपरेशन आणि हॉस्पिटलचा खर्च वेगळा, मान्य, पण त्या दराने दोन्ही गुडघ्यांचे इम्प्लांट येऊनही पैसे उरले असते. आणि ज्यांना ऑपरेशन लगेच नकोच आहे त्यांच्यासाठी वजन कमी करणं आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम हे खरे उपाय आहेत, बाबांचा फिजिओ आता तेच करून घेतोय.

पोलिसांत तक्रार दिली आहे, सोसायटीचं सीसीटीव्ही फुटेज पण दिलंय. ट्रॅकवर, गंगेवर म्हणजे आपल्या गोदाघाटावर, मंदिराबाहेर कुणी अनोळखी माणूस तुमच्या आई-वडिलांच्या गुडघ्यांची चौकशी करून वैद्याचं नाव सुचवत असेल तर त्याला घरचा पत्ता देऊ नका, लगेच 112 ला फोन करा. आणि आधीच कुणाचे पैसे गेले असतील तर लाज वाटून गप्प बसू नका, जवळच्या पोलीस स्टेशनला तक्रार द्या. आमच्याच बिल्डिंगमधल्या एका काकूंनी, त्यांचेही असेच पैसे गेले होते, हे आमचं ऐकल्यावर पहिल्यांदा घरात सांगितलं.