घरावर झुकलेलं झाड तोडून देतो म्हणणाऱ्यांपासून सांभाळून राहा

मृग जवळ आला का आमच्या यवतमाळकडच्या खेड्यांत लाकडंवाले मेटॅडोर घेऊन फिरायला लागतात, आणि ज्याच्या घरावर झाड झुकलेलं दिसलं त्याचंच दार वाजवतात. गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरी आले होते. मी नागपूरला नोकरीला, गावात आई-बाबा दोघंच, आणि आता घरोघरी हेच आहे, पोरं बाहेर अन् म्हातारी माणसं गावात, म्हणून सगळं सविस्तर लिहून राहिलो.

आमच्या सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या वाडीत, आजोबांच्या वेळची चिंच होती. बुंध्याला घराच्या अंगाने ढोली पडलेली आणि एक मोठं डगाल, म्हणजे जाड फांदी, सरळ सैपाकखोलीच्या टिनावर आलेलं, तोडणं भागच होतं. दोघं जण आले, "काकाजी, एका वादळात घर जाईल, आम्ही फुकटात काढून देतो, वरून बारा हजार तुम्हालाच देतो" म्हणाले आणि तिथल्या तिथं दोन हजार इसार बाबांच्या हातात ठेवला. जो माणूस आपल्याला पैसे देऊन राहिला तो फसवेल असं कोणाच्या मनात येते, सांगा. परवानगीचं बाबांनी विचारलं होतं. तर त्यांनी शिक्का मारलेली एक झेरॉक्स दाखवली, फॉरेस्टचं सगळं आमच्याकडे आहे, तुम्ही फक्त सही करा. सातबारा आणि आधारची झेरॉक्स घेतली, एका कोऱ्या कागदावर सही घेतली अन् गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच कटर सुरू. आता हे नीट वाचा, कारण सगळा डाव इथंच आहे. त्यांनी घरावरच्या डगालीला हातच लावला नाही. आधी सांदवाडीच्या मोकळ्या बाजूच्या फांद्या उतरवल्या, म्हणजे ज्या फांद्यांनी झाडाचा तोल धरला होता त्याच. सगळं वजन घराकडे गेलं. मग मोकळ्या बाजूनंच बुंध्याला काप दिला आणि साधारण तिसरा हिस्सा कापून झाल्यावर मशीन बंद केली. झाड घराकडे ओढत होतं त्यामुळे ती चीर हळूहळू उघडायला लागली, आई सांगते का पहिले पातं जाईल एवढीच होती, दुपारपर्यंत त्यात बोटं जात होती, आणि मधूनमधून आतून कडकड आवाज येत होता.

तेव्हा ते म्हणाले, काकाजी झाड आतून पोकळ निघालं, आमचं तर नुकसान झालं, आता हायड्रा (क्रेन) मागवावी लागते, पंचवीस हजार द्या नाहीतर आम्ही चाललो. आभाळ भरून आलेलं. आईनं सैपाकखोलीतून सिलेंडर आणि पिठाचा डबा ओढून बाहेर काढला. घासाघीस करून अठरा हजारावर आले आणि बियाण्यासाठी ठेवलेले पैसे बाबांनी दिले. दुसरं काय करणार होते ते? अर्धं कापलेलं झाड घरावर ठेवून कोणी भाव करू शकत नाही, आणि त्या लोकांना हे पक्कं माहीत होतं. हायड्रा काही आली नाही. पैसे हातात पडल्यावर त्याच दोघांनी नुसता दोर बांधून तासाभरात झाड उतरवलं, टिनाचे दोन पत्रे फोडले, जाड ओंडके भरले आणि अंधार पडल्यावर निघून गेले. फाटे आणि पाला आमच्या अंगणात तसाच. ते बारा हजार तर विसराच.

पोकळ निघालं म्हणे! ढोली बुंध्याला होती, वरचं खोड टणक होतं. चिंचेचं लाकूड मुसळाला, तेलाच्या लाकडी घाण्याला, खाटकाच्या ठोकळ्याला लागते, त्याला गिऱ्हाईक आहे. आणि लाकूड मापावर विकायचं असेल तर मोजायचा हिशोब काही अवघड नाही, ओंडक्याच्या मधोमध दोरीनं गोलाई घ्या, तिला चारानं भागा, जे येईल त्याचा वर्ग करा आणि लांबीनं गुणा. गोलाई ६ फूट आणि लांबी ८ फूट असेल तर दीड गुणिले दीड गुणिले आठ, म्हणजे १८ घनफूट. हे लोक दोरी बारीक टोकाला लावतात, तिथं गोलाई ५ फूट भरली का तोच ओंडका साडेबारा घनफूट होते. साडेपाच घनफूट नुसतं दोरी कुठं धरली त्यावर गायब.

पुढे वनरक्षक आले. चिंच ही १९६४ च्या झाडतोड कायद्याच्या यादीत आहे, सागवान, आंबा, मोह, जांभूळ, फणस, खैर, बिजा, हळदू, तिवस, ऐन हीसुद्धा त्यात आहेत. ही झाडं आपल्या स्वतःच्या जागेत असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही. त्या लाकडंवाल्यांनी दाखवलेली झेरॉक्स आईनं मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवली होती, ती नीट पाहिली तर गट नंबर भलत्याचाच, तालुका दुसरा, आणि झाडाचं नाव सागवान. पंचनामा झाला बाबांच्या नावानं, कारण जागा बाबांची. लाकूड नेणारे कुठंच नाहीत. सत्तरी पार केलेल्या माणसाला ऑफिसच्या बाकावर बसून जबाब द्यावा लागला याचा मला आजही राग येते.

म्हणून कोणी कितीही गोड बोललं तरी परवानगी आपल्या नावाची, आपल्या गट नंबरची आणि त्याच झाडाची पाहिजे, आणि तो कागद कटर सुरू होण्याच्या आधी आपल्या हातात पाहिजे. अर्ज फॉरेस्टच्या रेंज ऑफिसात आपणच द्यायचा, वेळ लागला तरी चालते. नगरपंचायत, नगरपरिषद असेल तर त्यांच्या ऑफिसात. लाकूड गावाबाहेर न्यायला वाहतूक पास लागतो का तेही तिथंच विचारून घ्या. कोऱ्या कागदावर सही मागितली का सरळ हाकलून द्या.

आणि घराच्या माणसानं एवढं तरी पाहावं का पहिली फांदी कोणती कापून राहिले. झाड घराकडे झुकलं असेल तर घरावरच्या फांद्या आधी, त्याही वरून, लहान लहान तुकड्यांत, दोराला बांधून खाली सोडायच्या. वजन कमी झाल्यावर उंचावर दोर बांधून मोकळ्या बाजूला ताणायचा. ज्या बाजूला पाडायचं तिकडे पहिले खाच, मागून काप त्या खाचेपेक्षा थोडा वर, आणि मधात लाकडाची एक पट्टी न कापता ठेवायची, झाड तिच्यावरच वळते. बाजूनं विजेची तार असेल तर लाईनमनला सांगून लाईन बंद केल्याशिवाय कोणाला वर चढू देऊ नका, १९१२ वर फोन लागते. नंतर आमचं कडुलिंबाचं डगाल शेजारच्या गावातल्या एका भाऊनं असंच उतरवलं, दोराचे दोन वेढे दुसऱ्या झाडाच्या बुंध्याला घातले आणि एवढं जड लाकूड एकट्यानं हळूहळू खाली सोडलं, एक कवेलू फुटलं नाही. मजुरी त्यानं सगळं जमिनीवर आल्यावरच घेतली.

त्या दोघांविरुद्ध आम्ही पोलीस स्टेशनला लेखी तक्रार दिली आहे. मेटॅडोरच्या नंबर प्लेटला चिखल फासलेला होता, मालक म्हणून सांगितलेलं नाव खोटं निघालं, फोन बंद. दारव्हा, दिग्रस, आर्णीकडच्या लोकांनो, तुमच्याकडे कोणी आधी इसार देऊन झाड मागत असेल तर गाडीचा आणि माणसांचा फोटो तिथल्या तिथं काढा आणि पोलीस पाटलाला बोलवा, झाडाला कटर लागायच्या आधी.