मकानुडो कॅफे की ओलिव्हा कनेटिकट रिझर्व्ह? पहिला सौम्य सिगार निवडताना

शेजारी शेजारी ठेवले तर हे दोन सिगार नवख्याला जुळे वाटतात. दोन्ही हाताने वळलेले, दोन्हींत लांब पानांचं फिलर (आत भरलेला तंबाखू), बाहेरचं पान तसंच फिकट तपकिरी, आणि प्रीमियम सिगारांत दोन्ही परवडणाऱ्या गटातले. तरी पेटवल्यावर ते दोन वेगळ्या वाटांनी जातात.

आधी बाहेरचं पान, म्हणजे रॅपर. मकानुडो कॅफेचं रॅपर अमेरिकेतल्या कनेटिकट नदीच्या खोऱ्यातलं. तिथे 1900 च्या सुमारापासून हा तंबाखू कापडी मांडवाखाली घेतात. ऊन गाळून पोचतं, म्हणून पान पातळ राहतं आणि शिरा बारीक. ओलिव्हाचं रॅपर कनेटिकटच्याच बियाण्याचं, पण इक्वेडोरमध्ये पिकलेलं. तिथे मांडव लागत नाही, कारण आभाळ बहुतेक वेळ ढगाळ असतं. मला पहिलं पान कोरडं आणि सुक्या गवताच्या वासाचं वाटतं, दुसरं जरा तेलकट आणि सायीसारखं.

खरा फरक मात्र पोटात आहे. मकानुडोमध्ये डॉमिनिकन आणि मेक्सिकन तंबाखू, त्याभोवती मेक्सिकोतल्या सॅन आंद्रेसचं बाइंडर, म्हणजे रॅपरखाली फिलर बांधून ठेवणारं पान. ओलिव्हात आतलं सगळं निकाराग्वाचं. निकाराग्वाची ज्वालामुखीची माती तंबाखूला तिखटपणा देते. फिकट रॅपर तो झाकतं, पण पुरता नाही. म्हणून मकानुडो पहिल्या झुरक्यापासून अखेरपर्यंत जवळपास एकाच सुरात राहतो: गवत, बदाम, थोडं लाकूड. ओलिव्हाची सुरुवात मऊ असते, निम्म्यानंतर भाजलेल्या कॉफीची चव येते आणि शेवटच्या तिसऱ्या भागात पांढरी मिरी जिभेच्या कडांना लागते. हा बदल मला फार आवडतो. चव घ्यायला बसलो आहोत तर काहीतरी घडायला हवं.

आकारात निवडण्यासारखं फारसं नाही. मकानुडोचा हाइड पार्क साडेपाच इंच लांब आणि 49 रिंग गेजचा, ओलिव्हाचा रोबस्टो 5 इंच आणि 50 चा. रिंग गेज म्हणजे इंचाचे चौसष्टावे भाग, तेव्हा जाडी दोन्हींची जेमतेम 20 मिलिमीटर. पाऊण तास ते तासभर वेळ हाताशी ठेवा.

सौम्य सिगार कडू लागला अशी तक्रार बऱ्याचदा ऐकू येते. दोष बहुधा घाईचा असतो. मिनिटाला एक झुरका पुरे. भराभर ओढला की निखारा तापतो आणि पातळ पान करपतं. जहाल सिगारात तो कडूपणा इतर चवींत लपून जातो, इथे त्याला लपायला जागाच नाही. या बाबतीत मकानुडो अधिक नाजूक आहे, ओलिव्हा थोडी घाई सोसतो. पेटवताना ज्योत पानाला टेकवू नका, खालून धग द्या. कापताना टोपीचा, म्हणजे तोंडाकडच्या बंद टोकाचा, अगदी शेंडाच काढा, नाहीतर रॅपर सुटत जातं. साठवणीत आर्द्रता 65 ते 70 टक्के असावी. त्याहून ओला सिगार विझत राहतो.

धूर छातीत घ्यायचा नाही. पण तेवढ्याने धोका टळत नाही, हे मनापासून सांगतो. सिगारच्या धुरातलं निकोटीन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनही रक्तात जातं, आणि तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाचा धोका सौम्य सिगारलाही आहेच. ‘सौम्य’ हे चवीचं आणि जोराचं वर्णन आहे, अपायाचं नाही. रिकाम्या पोटी तर ओढूच नका, गरगरतं.

मग घ्यायचा कोणता? तंबाखूचा तिखटपणा मुळीच नको असेल, दुधाच्या कॉफीबरोबर शांत बसायचं असेल, तर मकानुडो. चवी ओळखायला शिकायचं असेल तर ओलिव्हा. माझा कौल ओलिव्हाला, कारण एकाच सिगारमध्ये सायीपासून मिरीपर्यंतचा पल्ला कळतो आणि पुढे जरा जोरकस सिगारकडे वळताना जीभ तयार असते.

पेटी मात्र लगेच घेऊ नका. दोन्हींचा एकेक नग घ्या आणि वेगवेगळ्या दिवशी, सोबत तेच पेय ठेवून ओढा. मकानुडो आधी. उलट केलंत तर ओलिव्हाची मिरी जिभेच्या आठवणीत राहते आणि मकानुडो उगाच फिका वाटतो.