मामाची चेतक: अकरा वर्षं उभी होती, आठ महिने रोज चालवतेय

कराडला मामाच्या पडवीत 1986 सालची बजाज चेतक स्कूटर अकरा वर्षं एकाच जागी उभी होती. मामा गेल्यावर मामी म्हणाली, "भंगारवाला दोन हजार देतोय बघ. नेतेस का तू?" मी टेम्पोत घालून साताऱ्याला आणली. मामानं नंबर लावून कित्येक वर्षं वाट पाहिली होती तेव्हा कुठं ही गाडी घरात आली होती. ती किलोवर विकली जाणं मला सहन झालं नसतं.

जानेवारीपासून ऑफिसला, बाजारात, पावसात, सगळीकडे तीच नेते. 2,900 किलोमीटर झाले. जुनी चेतक दारात असेल आणि सुरू करायचा विचार असेल, तर माझं एकच सांगणं आहे: रंगाला हात लावू नका, आधी रबर बदला. उभ्या गाडीचं लोखंड टिकतं. ऑइल सील, पेट्रोलचा पाइप, कॉकचं (पेट्रोलच्या तोटीचं) वॉशर, टायर, हे सगळं कडक होऊन जातं आणि पुढची सगळी दुखणी तिथूनच सुरू होतात.

मीही आधी हे ऐकलं नव्हतं. किक खालीच जात नव्हती. प्लग काढून भोकातून थोडं डिझेल आणि ऑइल ओतलं, दोन दिवस तसंच ठेवलं, मग इंजिनचा पंखा हातानं मागेपुढे हलवत राहिले. तिसऱ्या दिवशी पिस्टन सुटला. टाकीत मूठभर नट आणि डिझेल घालून खळखळून धुतली, तर तांबडं पाणीच निघालं. कार्बोरेटरमध्ये जुन्या पेट्रोलचा डिंक झाला होता; जेट, म्हणजे त्यातली बारीक भोकं, तारेनं न टोकरता क्लीनर आणि हवेनं साफ केले. ठिणगीचे पॉइंट पॉलिश पेपरनं घासले, कंडेन्सर आणि प्लग नवा. नवव्या किकला गाडी बोलली. तो आवाज ऐकून मामीला फोन लावला आणि नुसता धरून ठेवला.

त्या आनंदात मी घाई केली. दुसऱ्याच आठवड्यात यवतेश्वरचा घाट चढवला आणि अर्ध्यात पिस्टन जाम. कारणं दोन निघाली. सिलिंडरवरचं झाकण काढलं तर कुंभारमाशीनं आत मातीची घरं बांधून ठेवली होती. पंख्याचा वाराच फिन्सपर्यंत, म्हणजे सिलिंडर थंड ठेवणाऱ्या पात्यांपर्यंत, पोचत नव्हता. हे झाकण मी आधी उघडायला हवं होतं, दोन-तीन बोल्टचं काम आहे. दुसरं कारण क्रँकचं मॅग्नेटोकडचं (वीज तयार होते त्या बाजूचं) सील. ते कडक झालं की इंजिन तिथून फुकटची हवा ओढतं, पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ होतं, पेट्रोलसोबत येणारं ऑइलही (टू-स्ट्रोकला ते पेट्रोलमध्येच मिसळतात) कमी पडतं आणि पिस्टन तापतो. खूण आधीपासून दिसत होती: अ‍ॅक्सिलेटर सोडला तरी गाडी रेसवरून खाली येत नव्हती. मी कार्बोरेटरचा स्क्रू पिळत बसले होते. क्लचकडचं सील गेलं तर उलटं होतं, इंजिन गिअरबॉक्समधलं ऑइल ओढतं, पांढरा धूर सुटतो आणि ऑइल कमी होत जातं.

मग इंजिन खोललं. आमच्या गल्लीतल्या मेकॅनिककाकांनी दोन्ही सीलं, बेअरिंगं आणि रिंगा बदलल्या, सिलिंडर वाचला. क्लचच्या कॉर्कच्या प्लेटा एकमेकींना चिकटल्या होत्या. नव्या प्लेटा बसवण्याआधी त्यांनी रात्रभर ऑइलमध्ये भिजत घातल्या. गिअरच्या दोन्ही केबलींसह सगळ्या केबली नव्या. सामान पुण्यात नाना पेठेत मिळालं. एक सांगते, सील घेताना स्वस्ताच्या मागे लागू नका. त्यासाठी पुन्हा अख्खं इंजिन उतरवावं लागतं. टायरसकट एकूण खर्च 14,000 च्या आसपास गेला.

लहानपणी मामा स्कूटर कलती केल्याशिवाय किक मारायचा नाही. आम्हाला वाटायचं चेतकची रीतच ती. कार्बोरेटर आणि कॉक साफ झाल्यापासून मला एकदाही कलती करावी लागलेली नाही. सकाळी चोक ओढून दुसऱ्या किकला सुरू होते.

पेट्रोलचं मात्र बघावं लागतं. आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या घडणीचा रबरी पाइप चार महिन्यांत फुगून मऊ झाला आणि कॉकपाशी थेंब गळायला लागला. इथेनॉल चालणारा पाइप टाकल्यावर थांबलं. इथेनॉल पाणी धरतं, म्हणून पावसाळ्यात टाकी अर्धी ठेवत नाही, आणि चार दिवस गावाला जायचं तर कॉक बंद करून इंजिन आपोआप विझेपर्यंत चालू ठेवते, म्हणजे कार्बोरेटर कोरडा राहतो. नव्या रिंगा बसेपर्यंत लिटरला 40 मिली टूटी (2T, टू-स्ट्रोकचं) ऑइल घालत होते, आता 20. मायलेज गावात 38, मोकळ्या रस्त्याला 44.

पंक्चर झालं तर मात्र या गाडीसारखी गाडी नाही. मागं स्टेपनी, पुढचं-मागचं चाक एकच, दहा मिनिटांत मी एकटी बदलते. रिम दोन तुकड्यांची असते. ते नट सोडवण्याआधी ट्यूबमधली हवा पूर्ण काढा. हवा असताना नट सोडले तर रिम उसळून हात जायबंदी होऊ शकतो.

ब्रेक ही खरी कमतरता. पुढचा ड्रम नावापुरताच धरतो, सगळी भिस्त पायाच्या ब्रेकवर. बॅटरी नाही, त्यामुळे सिग्नलला इंजिन मंदावलं की दिवाही मंदावतो. म्हणून कराडला जाताना महामार्ग टाळून रहिमतपूर-मसूरच्या रस्त्यानं दिवसाउजेडी जाते.

कागदांचं काम गाडीपेक्षा लांबलं. पासिंग कधीच संपलेलं, नंबर एमएच सुरू होण्याआधीचा. नूतनीकरणाला फॉर्म 25, वारसाच्या नावावर करायला फॉर्म 31, पर्यावरण कर, नवी नंबरप्लेट. बरेच जण विचारतात, व्हिंटेजमध्ये का नाही नोंदवली? 2021 च्या नियमानुसार त्यासाठी गाडी 50 वर्षांहून जुनी लागते. 1972 मध्ये आलेल्या पहिल्या चेतक त्यात बसतील, माझी नाही. शिवाय तशी नोंदवलेली गाडी रोजच्या वापराला चालत नाही.

रंग अजून मामाच्या वेळचाच आहे, डाव्या डिकीवर त्याच्या पिशवीनं घासलेला पट्टा तसाच. परवा कासला फुलं बघायला गेले, तोच यवतेश्वर घाट दुसऱ्या गिअरमध्ये न थांबता चढली. उतरताना पुढच्या ब्रेकची करकर ऐकू आली. दिवाळीला मामीला आणायला जायच्या आधी लायनर बदलून घेणार आहे.