मागच्या लेबलावरचा नंबर आधी बघा

थोरल्या भावाच्या निवृत्तीला मी ४८ हजार रुपये मोजून महागड्या फ्रेंच शॅम्पेनची नकली बाटली आणली. सांगायला लाज वाटते. पण ती विकणारा माणूस अजून बेळगावात टिळकवाडी-शहापूर भागात लोकांना बाटलीचे फोटो पाठवतोय असं कळलं, म्हणून लिहितोय.

मी जहाजावर अकरा वर्षं वेटर होतो. तिथे 'क्रुग' या फ्रेंच कंपनीची क्लो दु मेनिल नावाची शॅम्पेन पाहुण्यांना ओतली, स्वतः कधी चाखली नाही. बहुतेक शॅम्पेन बऱ्याच मळ्यांच्या द्राक्षांची असते. ही मात्र ल मेनिल-सुर-ओजे गावातल्या एकाच मळ्याची, नुसत्या शार्दोने द्राक्षाची आणि एकाच सालाची. मळा १.८४ हेक्टर, म्हणजे आपले साडेचार एकर. त्याचं दगडी कुंपण १६९८ सालचं. दादाने पीएफमधून पैसे काढून माझी हॉटेल मॅनेजमेंटची फी भरली होती. त्याला एकदा ही पाजायची, हे कित्येक वर्षं मनात होतं.

ओळखीतून नंबर मिळाला. "गोव्यातल्या हॉटेलचा माल आहे, आपल्याच माणसाला देतोय," असं तो म्हणाला. बिल नाही. पण अगदी आपल्या बेळगावी मराठीत बोलला, आईची तब्येत विचारली, आणि मी तिथेच विरघळलो. खरी बाटली परदेशातसुद्धा लाखाच्या पुढे जाते हे ठाऊक असून वीस हजार फोनवरून पाठवले, बाकीचे गोगटे सर्कलला रोख दिले.

बाटली बर्फात ठेवली तसा लेबलाचा कोपरा सुटला. खाली जुन्या गोंदाचा पट्टा दिसला. बूच काढलं तर कोरं. खऱ्या बुचावर 'शॅम्पेन' हा शब्द आणि साल छापलेलं असतं. दादाने घोट घेतला, म्हणाला, "गोड आहे रे, छान आहे." ती गोड असायलाच नको होती. मी काहीच बोललो नाही.

रात्री मागचं लेबल नीट बघितलं. क्रुगच्या बाटलीवर सहा आकडी नंबर असतो. पहिला आकडा तिमाहीचा, पुढचे दोन सालाचे: मुरवून झाल्यावर बाटलीला शेवटचं बूच कधी लागलं ते त्यावरून कळतं. माझ्या बाटलीवर पुढे २००८ची वाइन लिहिलेली आणि मागचा नंबर २११ने सुरू होणारा. म्हणजे २०११च्या दुसऱ्या तिमाहीत बूच. ही वाइन तळघरात दहा वर्षांहून जास्त मुरवतात, तीन वर्षांत बाहेर येतच नाही. मागचं लेबल दुसऱ्याच कुठल्यातरी बाटलीचं होतं. आणि या मागच्या लेबलाचा फोटो मला पैसे देण्याआधीच आला होता, मी तो मोठा करून बघितला नाही.

त्या माणसाचा फोन आता बंद आहे. बिनबिलाचा गोव्याचा माल, त्यामुळे तक्रार करताना माझंच अवघड झालंय, तरी वकिलांशी बोलणं चालू आहे. कुणाला असा फोटो आला तर आधी मागच्या लेबलाचा मोठा फोटो मागवा. नंबर २११ने सुरू होत असेल तर एक पैसाही पाठवू नका, मला कळवा. माझी रिकामी बाटली मी जपून ठेवलीय.