लाईट गेल्यावर बिल कुठे असतं? एक्सटी-फोर, बीटीआरएफएस आणि एक्सफॅट

देवगड-रत्नागिरीकडे मे महिन्यात दोन गोष्टी एकदमच येतात: आंब्याच्या बिलांची गर्दी आणि वळवाचा पाऊस. माडाची झावळी तारेवर पडली की लाईट गेली. दुकानाच्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकायचं असेल, तर फाइल सिस्टम (डिस्कवर फाइली कशा मांडायच्या ही पद्धत; वरची तीन नावं अशाच पद्धतींची) निवडताना हाच प्रसंग डोळ्यासमोर ठेवा.

स्क्रीनवर 'सेव्ह झालं' दिसतं तेव्हा डेटा बहुधा अजून रॅममध्येच, म्हणजे लाईट गेली की पुसल्या जाणाऱ्या मेमरीत असतो. एरवी लिनक्स तो सवडीने, साधारण अर्ध्या मिनिटात डिस्कवर उतरवतो. आत्ताच्या आत्ता उतरव, असं बजावायला प्रोग्रामने 'एफसिंक' हाक मारावी लागते. ही हाक पॉझिक्स या, युनिक्ससारख्या सिस्टमसाठीच्या मानकातली आहे, पण मानकाने बरीच मोकळीक ठेवली आहे. मॅकओएसकडे (अ‍ॅपलच्या कॉम्प्युटरची सिस्टम) युनिक्सचं अधिकृत प्रमाणपत्र आहे, तरी तिथला साधा एफसिंक डेटा ड्राइव्हच्या हवाली करून मोकळा होतो. ड्राइव्हच्या स्वतःच्या कॅशमधून (तात्पुरत्या मेमरीतून) तो खाली उतरवायला 'एफ-फुलएफसिंक' वेगळं वापरावं लागतं. बहुतेक लिनक्सकडे प्रमाणपत्र नाही, पण ते एफसिंकबरोबर ड्राइव्हलाही कॅश रिकामी करायला सांगतं. प्रमाणपत्र बघून मशीन घेणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी!

बिलिंगसाठी माझं मत सरळ एक्सटी-फोरला. मूळ सेटिंगमध्ये ते आधी डेटा लिहितं, मग त्याची नोंद जर्नलमध्ये (बदलांच्या नोंदवहीत) पक्की करतं, आणि हे दर 5 सेकंदांनी. 2009 च्या सुमारास लाईट गेल्यावर शून्य बाइटच्या फाइली सापडल्याच्या तक्रारी आल्या होत्या, कारण डिस्कवरची जागा ठरवणंच लांबणीवर पडायचं. त्यानंतर जुन्या फाइलवर नवी फाइल 'रीनेम' करून बसवली तर जागा लगेच ठरवायची सोय झाली. तरी एफसिंक टाळणाऱ्या प्रोग्रामला ती पुरी पडत नाही.

बीटीआरएफएस जुन्या डेटावर लिहीत नाही, नवी प्रत दुसरीकडे लिहितं. चेकसम (डेटा बिघडला का ते ओळखणारा आकडा) आणि स्नॅपशॉटही (त्या क्षणाची जपलेली स्थिती) आहेत. होमस्टेचे फोटो, सातबाऱ्याचे स्कॅन यांना झकास. पण सतत बदलणारी डेटाबेस फाइल त्यात तुकड्या-तुकड्यांत विखुरते, आणि ते टाळायला नवी प्रत लिहिण्याची ही पद्धत (कॉपी-ऑन-राइट) बंद केली की चेकसमही जातं. मग घेतलं कशाला?

एक्सफॅटला जर्नलच नाही. पेनड्राइव्हवर फाइल सीएकडे न्यायची, एवढंच त्याचं काम.

फाइल सिस्टमइतकंच वरचं सॉफ्टवेअरही बघा. ते एसक्यूलाइटवर (एका फाइलीत मावणारा छोटा डेटाबेस) चालत असेल तर विक्रेत्याला 'सिंक्रोनस' सेटिंग, म्हणजे एफसिंक किती वेळा करायचा ते, विचारा. वॉल मोडमध्ये (बदल आधी वेगळ्या लॉगमध्ये लिहिण्याची पद्धत) ते सेटिंग 'नॉर्मल' असेल तर लाईट गेल्यावर डेटाबेस बिघडत नाही, पण शेवटची काही बिलं जाऊ शकतात. 'फुल' ठेवलं तर प्रत्येक बिलाला एफसिंक होतो. थोडा वेळ जास्त लागतो, लागू दे.

एफसिंक फसला तर सॉफ्टवेअर काय करतं, हेही विचारा. 2018 मध्ये पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसवाल्यांच्या ध्यानात आलं की लिनक्सवर एकदा फसलेला एफसिंक पुन्हा केला तर 'यशस्वी' असं उत्तर येऊ शकतं, डेटा मात्र गेलेला असतो. आता अशा वेळी तो डेटाबेस मुद्दाम कोसळतो आणि आपल्या लॉगमधून पुन्हा उभा राहतो. विक्रेत्याचं उत्तर 'पुन्हा प्रयत्न करतो' असं आलं, तर दुसरं सॉफ्टवेअर बघा.

आणि घरचा इन्व्हर्टर दुकानात आणणार असाल, तर मागचं बटण 'यूपीएस' मोडवर करून घ्या. साध्या मोडमध्ये लाईट जाऊन बॅटरी लागेपर्यंतच्या क्षणभरात कॉम्प्युटर बंद पडू शकतो.